एक्केचाळिसावी ओळ

धंतोलीतल्या या तळघरात मे महिना येत नाही.
मशीनसाठी एसी बावीसवर,
आणि रात्रपाळीला मी, स्वेटर घालून.
वर डांबर अजून भाजतंय,
नवतपा लागून तीन दिवस झाले.

माणसं मला नळ्यांतून भेटतात.
पिवळं झाकण, जांभळं झाकण,
आणि बर्फात बुडवून आणलेली राखाडी.
ती आली की हातातलं सगळं खाली ठेवायचं.

पराते वामन, अठ्ठावन्न, आयसीयू, खाट सात.
ट्रोपोनिन इतकं, की मशीन म्हणालं
पातळ करून पुन्हा लावा.
लॅक्टेट सहा पूर्णांक आठ.
मी फोन केला, वरच्या सिस्टरने आकडा परत म्हणून दाखवला,
मी वहीत वेळ लिहिली : एक वाजून बारा.
एवढीच आमची तिघांची ओळख.

एकदा रक्त फुटून आलं. सिरम गुलाबी,
पोटॅशियम धडधडीत खोटं बोलत होतं.
पुन्हा पाठवा, मी म्हटलं.
पुन्हा टोचा, असं आम्ही कधी म्हणत नाही.

डॉक्टर टेंभरे थीसिससाठी आकडे न्यायला उतरतो,
पहाटे तीनला, चप्पल फरफटत.
त्याच्या लॅपटॉपवर ओळीच ओळी :
वय, ट्रोपोनिन, क्रिएटिनिन,
लॅक्टेट आल्या आल्या, सहा तासांनी, चोवीस तासांनी,
आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना.
गेला तर एक. वाचला तर शून्य.
उलटं नको का रे, मी विचारलं.
तो जांभई देत म्हणाला, "आपण घटना मोजतो, मॅडम.
जगणं ही काही घटना नाही."

खिडकीशी वामनची बायको यायची.
पाचपावलीची, घरात दोन माग,
त्यातला एक आता नुसता कपडे वाळत घालायला.
"किती आलं जी?"
रिपोर्ट वर जातो, डॉक्टर सांगतील,
हे वाक्य मला झोपेतही येतं.
ती हलायची नाही. काचेला कपाळ टेकवून म्हणायची,
"मागावर एक धागा तुटला तं आवाज बदलते.
इथं काहीच आयकू येत नाही बाप्पा."

तिसऱ्या रात्री चार पूर्णांक एक.
तिने विचारायच्या आत
माझ्या तोंडून गेलं :
उतरलंय.
सतरा वर्षांत पहिल्यांदा.
ती काहीच बोलली नाही. काचेवर कपाळाचा डाग ठेवून
जिना चढून गेली, दोन दोन पायऱ्या.

सकाळी सहाची नळी आली नाही.
बाराची आली नाही.
घरी नेलं, सिस्टर म्हणाली, सही करून.
डिपॉझिट संपलं होतं. दीर थांबू म्हणत होता, पण
बाईच म्हणाली म्हणे, आता उतरलं आहे नं.

चार पूर्णांक एक
हा बरा झालेल्या माणसाचा आकडा नसतो.
हे मला माहीत होतं. हे वाक्यही
मला झोपेत येतं आता.

टेंभरेने तीनदा फोन लावला. नंबर बंद.
शून्यही नाही, एकही नाही.
"वगळावा लागेल," तो म्हणाला,
ओळ निवडून पिवळी केली,
आणि का कुणास ठाऊक, तशीच ठेवून
वर गेला.

उरलेलं रक्त आम्ही दोन दिवस ठेवतो, चार डिग्रीवर.
शंका आली, वाद झाला, तर पुन्हा बघता यावं म्हणून.
मग पिशवीत.
आज पाचवा दिवस. बाहेर शेहेचाळीस.
पाचपावलीत कुठल्याशा गल्लीत कुणी
कूलरमध्ये पाणी ओतत असेल,
माग चालू असेल, किंवा बंद,
इथून काहीच ऐकू येत नाही.

रॅक तीन, खाच अकरा.
बाकीच्या सगळ्या खाचा मी रिकाम्या केल्या
आणि फ्रिजचं दार लावलं.